निकालाच्या प्रतीवर बँकेची सही नसते

चि.,

'चि.' लिहिलं आणि सवयीनं पेन पुढे 'सौ.' लिहायला गेलं. तिथेच थांबवलं.

तुमच्या संमतीच्या घटस्फोटाचं बोलताना काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, फ्लॅटचं ठरलंय. फ्लॅट तो घेणार, कर्जही तोच फेडणार. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या दोघांच्या अटींत, तसं लिहिलंय." त्या 'ठरलंय'नं माझी रात्रीची झोप घालवली. फोनवर मी हं हं म्हटलं, कारण तुझा आवाज थकलेला होता. पण हे बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. वकिलांकडे जाताना पत्र पर्समध्ये टाक.

माझी एकतीस वर्षं बँकेत गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त कर्ज विभागात. एक बाई निकालाची प्रत चक्क लॅमिनेट करून घेऊन आल्या होत्या. "कोर्टानं सांगितलंय ना, कर्ज त्यांचं आहे म्हणून!" मी प्रत वाचली आणि त्यांना परत दिली. दुसरं काय करणार? कोर्टासमोर पक्षकार दोनच होते, नवरा आणि बायको. बँकेला कोणी विचारलं नव्हतं, बँकेनं कुठे होकारही दिला नव्हता. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर कर्ज देणारा त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण वसुली मागू शकतो. निम्मी नव्हे, पूर्ण. कर्जाच्या कागदांवर तू सहकर्जदार म्हणून सही केलीस त्या दिवशी तू ३५ लाखांपैकी साडेसतरा लाखांची जबाबदारी घेतली नव्हतीस, सगळ्या ३५ लाखांची घेतलीस. लग्न मोडलं तरी ती सही तशीच राहते.

मग कन्सेंट टर्म्समधल्या त्या वाक्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो त्याच्याविरुद्ध. त्यानं हप्ते चुकवले आणि ते तुला भरावे लागले, तर ते वाक्य दाखवून तू त्याच्याकडून पैसे मागू शकतेस. बँकेला ते दाखवून काही होत नाही, सिबिललाही नाही.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये दोन मोशनच्या, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टापुढे दोनदा करायच्या मागणीच्या, मध्ये सहा महिने ठेवलेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, आणि तेव्हापासून सगळ्यांना ती माफ करून घ्यायची घाई. तुझे वकीलही अर्ज करू म्हणतील. मी म्हणते, नको. कायद्यानं हे महिने मन बदललं तर बदलावं म्हणून दिलेत. तुमचं मन बदलणार नाही हे मला दिसतंय. पण ते बँकेच्या कामाला पुरतील एवढे आहेत. दुसऱ्या मोशनपर्यंत त्यालाही तुझी सही हवी आहे. त्यानंतर फोन उचलायलाही तो बांधील नाही. माणूस वाईट आहे म्हणून म्हणत नाही गं. कामं राहून जातात, नवीन नोकरी लागते, नवीन माणूस आयुष्यात येतं, आणि जुनं कर्ज कोणाच्या नावावर आहे हे त्या यादीत सगळ्यात खाली जातं.

फ्लॅट त्यालाच हवा असेल तर सगळ्यात स्वच्छ रस्ता एक: त्यानं फक्त स्वतःच्या नावावर नवीन कर्ज काढायचं आणि त्यातून हे जुनं बंद करायचं. दुसऱ्या बँकेत कर्ज फिरवतात तसंच. फ्लोटिंग व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही, तेव्हा ती सबब चालणार नाही. जुनं खातं बंद झालं की तुझी सहीही त्यासोबत संपते. दुसरा रस्ता, त्याच बँकेत तुझं नाव सहकर्जदार म्हणून वगळून घ्यायचा. ऐकायला सोपा वाटतो, पण बँक का ऐकेल? तिच्याकडे आज दोन पगारांची हमी आहे, ती एक का सोडेल? बँक त्याचा एकट्याचा पगार तपासणार. ३५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के म्हणजे हप्ता ३०,३७४ रुपये. तेवढा हप्ता त्याच्या पगाराला झेपत नाही असं दिसलं तर तुझ्या जागी त्याच्या वडिलांना किंवा भावाला घ्या म्हणतील. तेही नाही जमलं तर सरळ नकार देतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. तिसरा रस्ता विक्रीचा. दोघांचाही जीव त्या बाल्कनीत अडकलाय हे मला माहीत आहे. पण त्याला एकट्याला कर्ज मिळत नसेल तर तो फ्लॅट त्याला परवडत नाही हेच बँक सांगतेय. तेव्हा रडून घ्या आणि विका.

तू फ्लॅटमधला हक्क सोडणार आहेस ना? मग क्रम चुकवू नकोस. हक्क आधी सोडला आणि कर्ज तुझ्या डोक्यावर राहिलं, असं मी तीनदा तरी पाहिलंय. घर त्याचं, हप्त्याची नोटीस तुला. हक्काचा दस्त आणि कर्जातून सुटका एकाच दिवशी, नाहीतर सुटका आधी. दस्ताला बँकेचा ना हरकत दाखला लागेलच, घर तारण आहे. आणि एक गंमत: राहतं घर नवऱ्याला बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. निकालानंतर मात्र तो 'नवरा' राहत नाही. कर्ज डोक्यावर असताना तुमच्या बाबतीत कोणता दस्त बसतो ते वकिलांना विचार, पण तारखेआधी विचार.

कन्सेंट टर्म्समधलं ते एक वाक्य असं मोघम ठेवू नकोस. 'कर्ज तो फेडील' यात कधी, कुठून, नाही फेडलं तर काय, यातलं काहीच नाही. तारीख घाल. त्या तारखेपर्यंत त्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज झालं नाही तर फ्लॅट विकायचा, आणि विक्रीच्या कागदांवर तो सही करील, हे घाल. तुला एकरकमी पोटगी मिळणार असेल आणि त्याच्याकडे पैसे कमी पडत असतील तर त्या रकमेतला काही भाग थेट कर्ज खात्यात भरून घेण्याचाही विचार कर. हातात चार पैसे कमी येतील, हे कळतंय मला.

आता फ्लॅट सोडून बाकीचं. तुला वाटतंय कर्ज एकच आहे. तसं नसतं.

आज रात्री बसून क्रेडिट रिपोर्ट काढ. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढ, कारण एकीत नसलेलं खातं दुसरीत सापडतं. ३०० ते ९०० मधला तो आकडा बघून खूश किंवा कष्टी होऊ नकोस. तो पुढे बघू. खाली प्रत्येक खात्यासमोर ते खातं कशा प्रकारचं आहे ते लिहिलेलं असतं: एकटीचं, संयुक्त, जामीनदार, की दुसऱ्याच्या कार्डावर वापराची परवानगी. ते वहीत उतरवून काढ. त्याची एकट्याची कार्डं आणि कर्जं तुझ्या रिपोर्टमध्ये येत नाहीत, त्यांची काळजी सोड. लग्न झालं म्हणून नवरा-बायकोचे रिपोर्ट एक होत नाहीत आणि घटस्फोट झाल्याचीही त्यात कुठे नोंद नसते. जिथे तुझी सही आहे तेवढंच दिसतं.

आणि तिथे तुला एक गोष्ट दिसेल, जी तू विसरली आहेस. मी विसरलेले नाही, कारण तुझ्या आईनं मला तेव्हा पेढे दिले होते. दिराच्या टेम्पोच्या कर्जाला तू जामीन राहिलीस. करार कायद्याच्याच कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आता तो तुझा दीर नाही, पण तू त्याची जामीनदार आहेस. दुसरा जामीनदार देऊन तुला मोकळं करायला त्यांना सांग, आणि तेही याच सहा महिन्यांत.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. तुझ्या आईलाही हे पूर्ण माहीत नाही. १९९४ मध्ये मी 'त्यांच्या' पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले. बँकेत दिवसभर लोकांना जामिनाचा अर्थ समजावणारी मी, घरी चहा पिता पिता सही करून मोकळी झाले. १९९७ मध्ये आमच्या घटस्फोटाचा निकाल लागला. दोन वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघाला आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. पगारपत्रक बनवणारा कारकून माझ्याच शेजारच्या टेबलावरचा. त्यानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तीन वर्षं ती कपात चालली. पतसंस्थेचं काही चुकलं नव्हतं. कागदावर माझीच सही होती. आणि लक्षात ठेव, पतसंस्थांची सगळीच कर्जं तुझ्या त्या चार रिपोर्टांत दिसतीलच असं नाही. तिथे आठवणीवरच भिस्त. कुठे कुठे सही केलीस ते आठवून बघ.

कार्डांचं सोपं आहे. त्याच्या कार्डावरचं तुझं अॅड-ऑन कार्ड बंद कर, तुझ्यावरचं त्याचंही. त्यानं खरेदी केली तरी बिल मुख्य कार्डधारकाचं, म्हणजे तुझं. गृहकर्जाला ओव्हरड्राफ्टची सोय जोडलेली असेल तर मात्र सोपं नाही. भरलेले पैसे तिथून परत काढता येतात आणि कर्ज पुन्हा वाढतं. बँकेला लेखी दे की दोघांच्या सहीशिवाय पैसे काढू देऊ नयेत, आणि पोच घे. संयुक्त बचत खात्यालाही तसंच पत्र. पण खातं बंद करायच्या आधी हप्ता कुठल्या खात्यातून जातो ते बघ. रागाच्या भरात खातं बंद केलं आणि हप्ता बाउन्स झाला, असं नको.

पत्ता आणि मोबाईल नंबर बदल. हे किरकोळ वाटतं म्हणून लोक शेवटी करतात, मी ते सगळ्यात आधी करायला सांगते. आज त्या कर्जाच्या फाईलवर पत्ता कुठला आहे? फ्लॅटचा. नोटीस तिथे जाईल, तो दार उघडून घेईल किंवा घेणार नाही, आणि तुला कळेल ते थेट तेव्हा, जेव्हा तू स्कूटरसाठी कर्ज मागायला जाशील. तारण घरावर कारवाई करण्याआधी सरफेसी कायद्यात साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते साठ दिवस तू माहेरी वरण-भात खात काढशील, काही माहीत नसताना. नाव बदलणार असलीस तर बदल, पण पॅन नंबर तोच राहतो. फक्त पॅनवर आणि बँकांत नाव एकसारखं करून घे.

आता कडू भाग. निकाल लागेपर्यंत आणि कर्ज त्याच्या नावावर होईपर्यंत मध्ये एखादा हप्ता चुकला तर काय करायचं? तू भरायचा. हो, तूच. "का म्हणून?" असं तू ओरडशील, आणि तुझं बरोबर असेल. पण रिपोर्टला बरोबर-चूक कळत नाही, त्याला थकबाकीचे दिवस कळतात. पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवायच्या, जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे लपायला जागा कमीच. नव्वद दिवसांच्या पुढे थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. तेव्हा आधी तुझ्या खात्यातून बँकेमार्फत भर, रोख कधीच नाही. स्टेटमेंट जपून ठेव आणि मग त्याच्याकडून वसूल कर. कलम ४३ मध्येच जास्त भरणाऱ्याला दुसऱ्याकडून वाटा मागायचा हक्क दिलाय. यासाठी तीन हप्त्यांएवढे पैसे वेगळे ठेव. कोणाला सांगू नकोस, त्याला तर नाहीच.

तो म्हणाला, "बँकेशी सेटलमेंट करतो, थोडं कमी भरून विषय संपवू," तर सही करू नकोस. कमी पैशांत मिटवलेल्या संयुक्त कर्जावर दोघांच्याही रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागतं, आणि पुढच्या कर्ज अधिकाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. माझ्या टेबलावर तो शब्द दिसला की मी चष्मा पुसायचे. आपल्याला 'क्लोज्ड' हवं.

कर्ज बंद झालं की ना देय दाखला तुझ्याही नावानं माग. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची असतात; डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. दोन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट काढ. खातं तरीही चालू दिसत असेल तर त्या कंपनीकडे तक्रार नोंदव. तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पण तक्रार चुकीच्या नोंदीची असते. हप्ता खरंच चुकला असेल आणि तो चुकवला त्यानं असेल, तर ती नोंद खरीच आहे, ती पुसली जाणार नाही.

तुझ्या एकटीच्या नावावर आज काहीच नाही, हेही मला खुपतंय. पगार तुझा, पण कर्जदार म्हणून पहिलं नाव नेहमी त्याचं. मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड काढ. किराणा आणि पेट्रोल त्यावर घे आणि दर महिन्याला पूर्ण बिल भर. बाकी काही करू नकोस.

रविवारी ये. चारही रिपोर्ट छापून आण. मोबाईलवर दाखवू नकोस, मला त्या बारीक अक्षरांवर लाल पेननं खुणा करायच्या आहेत. टेम्पोच्या जामिनाचे कागद आईच्या कपाटात असतील, तेही घेऊन ये. जेवायला इथेच थांब, भरली वांगी करते.

तुझी,
मावशी