वाचकांचे प्रश्न : पोथ्यांसाठी एक्सएमएल की साधा मजकूर?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातर्फे जुन्या हस्तलिखित पोथ्या संगणकावर उतरवण्याचे काम चालू आहे. पाठभेद (एकाच ओळीतले पोथीपोथीगणिक बदलणारे शब्द) नोंदवण्यासाठी एक्सएमएल, म्हणजे मजकुरातच नावे दिलेल्या खुणा घालण्याची पद्धत, वापरावे, असे माझे मत आहे. तरुण सहकारी मात्र ते किचकट आणि कालबाह्य मानतात. जेसन (माहिती याद्या आणि नाव-मूल्याच्या जोड्यांत मांडण्याची पद्धत) किंवा मार्कडाउन (साध्या मजकुरात मथळे, ठळक अक्षरे वगैरे दाखवणाऱ्या मोजक्या खुणा) पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : सहकाऱ्यांची तक्रार निराधार नाही. एक्सएमएलमध्ये प्रत्येक खूण नावानिशी उघडावी आणि नावानिशीच मिटवावी लागते, आणि एक जरी मिटवायची राहिली तरी संगणकाने ती फाइल सदोष म्हणून नाकारावी, असा नियमच आहे. १९९८ मध्ये हे प्रमाण ठरल्यानंतर लोकांनी ते प्रोग्रामच्या किरकोळ सेटिंग्जसाठीसुद्धा राबवले. तेथे, आणि वेबवरील माहितीच्या देवाणघेवाणीत, जेसनने त्याची जागा घेतली हे योग्यच झाले.

तुमचे काम वेगळ्या जातीचे आहे. ओवीच्या ऐन मध्यावर मूळ धरलेल्या पोथीत ‘म्हणे’ आणि ‘ख’ नाव दिलेल्या दुसऱ्या पोथीत ‘बोले’ असेल, तर एक्सएमएलमध्ये ते जागच्या जागी असे लिहिता येते : <भेद><मूळ>म्हणे</मूळ><पाठ पोथी="ख">बोले</पाठ></भेद>. खुणांची नावे देवनागरीत चालतात. हेच जेसनमध्ये करायचे तर ओळीचे तुकडे पाडून त्यांची यादी करावी लागते, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला ती ओवी सलग वाचता येत नाही. मार्कडाउनमध्ये पाठभेदाची खूणच नाही. प्रत्येक स्वयंसेवक आपापली खूण योजील आणि वर्षभराने ती कोणालाच उलगडणार नाही. एक्सएमएलला, कोणती खूण कोठे चालते हे सांगणारी नियमावली जोडली की अशी चूक त्याच दिवशी पकडली जाते.

एक अडचण मात्र खरी आहे. एक्सएमएलमधील खुणा एकमेकींत पूर्ण सामावाव्या लागतात, पण पोथीचे पान ओवीच्या मध्येच उलटते. म्हणून पानाला वेढणारी खूण न घालता, जेथे पान बदलते तेथे <पान क्रमांक="१२"/> अशी एकेरी खूण ठेवावी. ग्रंथ संगणकावर उतरवण्याची पद्धत ठरवणाऱ्या, १९८७ पासून चालत आलेल्या टीईआय या प्रकल्पाने हाच मार्ग स्वीकारला आहे आणि पाठभेदांसाठीही त्यांची तयार पद्धत आहे; त्यातील खुणांची नावे इंग्रजी असली, तरी स्वतःची पद्धत रचण्याआधी ती अवश्य पाहावी.

पोथ्यांच्या सूचीसाठी मात्र सहकाऱ्यांचे ऐकावे, तेथे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, पुरते. फक्त ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नये, देवनागरी अक्षरांचा कचरा होण्याचा संभव असतो. ‘इम्पोर्ट’ करताना यूटीएफ-८ हा अक्षरसंकेत निवडावा.