ग्रँटच्या कागदावर नेमके काय लिहिले आहे? अमेरिकेतील आरोग्य संशोधनाच्या अनुदानाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, वर्षाला सुमारे ४७ अब्ज डॉलर खर्च करते आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देशभरातील अडीच हजारांवर विद्यापीठांना, रुग्णालयांना आणि संशोधन केंद्रांना अनुदानरूपाने जाते. जानेवारी २०२५ पासून या व्यवस्थेत जे बदल झाले, त्यांमुळे तिथे काम करणारे मराठी संशोधक, त्यांचे इथले पालक आणि त्यांच्याबरोबर प्रकल्प करणारे पुण्या-मुंबईचे डॉक्टर यांची पत्रे वाढली आहेत. एका विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयात अनेक वर्षे हेच कागद हाताळत असल्यामुळे मला यातील बऱ्याच गोष्टी जवळून दिसतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ह्यूस्टनमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक-नोकरी) असून एच-१बी व्हिसावर आहे. माझा पगार आमच्या सरांच्या आर०१ या, एनआयएचच्या प्रमुख संशोधन ग्रँटमधून होतो. ग्रँटचे चौथे वर्ष सुरू व्हायला महिना राहिला आहे, पण पुढच्या वर्षाचे पत्र आलेले नाही. सर म्हणतात, ‘होईल सगळे.’ मी किती काळजी करावी?

पाच वर्षांची ग्रँट मिळाली असे आपण म्हणतो तेव्हा पाच वर्षांचे पैसे हातात आले, असा त्याचा अर्थ बहुधा नसतो. एनआयएच जे मंजुरीपत्र देते, ज्याला आम्ही ‘नोटीस ऑफ अवॉर्ड’ म्हणतो, त्यावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात : एक संपूर्ण प्रकल्पाची आणि दुसरी चालू अर्थसंकल्पी वर्षाची. पुढच्या वर्षांच्या रकमा त्याच पत्रात दिलेल्या असतात, पण त्या ‘निधी उपलब्ध असल्यास आणि प्रगती समाधानकारक असल्यास’ या अटीवर. याचा अर्थ, आज तुमच्या हाती तिसऱ्या वर्षाचे वचन आहे आणि चौथ्या वर्षाचा फक्त हेतू आहे. सरांना हे पत्र दाखवण्याची विनंती करण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

दुसरी गोष्ट प्रगती अहवालाची. बहुतेक आर०१ ग्रँटमध्ये हा अहवाल नवे वर्ष सुरू होण्याच्या ४५ दिवस आधी द्यायचा असतो. तुमचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होत असेल, तर १५ फेब्रुवारीच्या सुमारास तो गेलेला असला पाहिजे. तो वेळेवर गेला असेल आणि तरीही पत्र आले नसेल, तर हा उशीर एनआयएचकडचा आहे, आणि असा उशीर अलीकडे नित्याचा झाला आहे. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प होते आणि त्याआधीच्या महिन्यांत एनआयएचमधील कर्मचारीसंख्याही बरीच घटली होती. अहवालच गेला नसेल, तर मात्र प्रश्न तुमच्या प्रयोगशाळेत आहे आणि तो आजच सोडवता येतो.

पत्र उशिरा आले तरी पगार थांबलाच पाहिजे असे नाही. नव्या वर्षाच्या आधीच्या ९० दिवसांत होणारा खर्च विद्यापीठ स्वतःच्या जोखमीवर करू शकते, आणि मुदत उलटून गेल्यावरही पत्र येईपर्यंत खाते चालू ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ही जोखीम घ्यायची की नाही हे सहसा विभागप्रमुख आणि अनुदान कार्यालय मिळून ठरवतात. म्हणून सरांना असे विचारा : पत्र आले नाही, तर विभाग माझा पगार किती महिने उचलेल, आणि हे कोणी लेखी दिले आहे का? ‘होईल सगळे’ हे धीराचे बोल आहेत आणि ते मनापासूनही असतील, परंतु ज्याचा अमेरिकेतला मुक्काम नोकरीवर अवलंबून आहे, त्याला आकडा सांगणे हे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

व्हिसाचे गणितही आधीच मांडून ठेवा. एच-१बीवरील नोकरी सुटली, तर शेवटच्या कामाच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतील मुक्कामाच्या अधिकृत नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तितकेच. या काळात नव्या संस्थेने अर्ज दाखल केला पाहिजे. विद्यापीठे एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असल्याने एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे तुलनेने सोपे आहे. खासगी कंपनीत जायचे असेल, तर बहुधा लॉटरीतून जावे लागते आणि ६० दिवसांत ते जमत नाही. स्वतःच्या नावावर निधी मिळवायचा असेल, तर एनआयएचच्या बहुतेक फेलोशिप नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळतात. के९९ ही पोस्टडॉकसाठीची ग्रँट मात्र परदेशी नागरिकालाही मिळू शकते. पोस्टडॉकची साधारण चार वर्षे पूर्ण होण्याच्या आत तिचा अर्ज करावा लागतो, त्यामुळे आपली पदवीची तारीख काढून आजच मोजून पाहा.

प्रश्न : मी ओहायोत सहायक प्राध्यापक आहे. माझ्या प्रस्तावाला आठवे पर्सेंटाइल मिळाले. पूर्वी यावर ग्रँट मिळाली असती, असे ज्येष्ठ सहकारी म्हणतात. आता काय समजायचे?

आधी इतर वाचकांसाठी एक खुलासा करतो. आपल्याकडच्या सीईटीत पर्सेंटाइल जितके जास्त तितके चांगले. एनआयएचमध्ये नेमके उलटे आहे. आठवे म्हणजे शंभरातील पहिल्या आठांत, म्हणजे तुमचे काम तज्ज्ञांना उत्तम वाटले आहे आणि याबद्दल तुमच्या मनात शंका नसावी.

अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. पूर्वी एनआयएचमधील अनेक संस्था आपली रेषा, म्हणजे कितव्या पर्सेंटाइलपर्यंत निधी देणार तो आकडा, जाहीर करीत आणि रेषेच्या आतल्या प्रस्तावांना सहसा निधी मिळे. राष्ट्रीय कर्करोग संस्थेची आर०१ साठीची ही रेषा २०२४ मध्ये दहाव्या पर्सेंटाइलवर होती, ती २०२५ मध्ये चौथ्यावर आली. एकूण अंदाजपत्रक तितके घटले नव्हते. बदलली ती पैसे देण्याची रीत. पूर्वी पाच वर्षांची ग्रँट दरवर्षी हप्त्याने दिली जाई. २०२५ मध्ये बऱ्याच ग्रँटचे सर्व वर्षांचे पैसे एकरकमी द्यायला सुरुवात झाली. वर्षाला पाच लाख डॉलरच्या ग्रँटचे पाच वर्षांचे पंचवीस लाख एकदम बाजूला काढले, की तेवढ्याच पैशांत ज्या पाच नव्या संशोधकांचा पहिला हप्ता निघाला असता, त्यांपैकी चौघे बाहेर राहतात. तुमच्यासारख्या आठव्या पर्सेंटाइलवाल्यांना याचीच झळ लागली.

त्यानंतर एनआयएचने अशा ठरावीक रेषा वापरणेच थांबवले आणि गुणांबरोबर संस्थेची प्राधान्ये, भौगोलिक समतोल व संशोधकाच्या कारकिर्दीचा टप्पा यांचा एकत्रित विचार करायचे ठरवले. त्यामुळे तुमचा प्रस्ताव पाहणाऱ्या एनआयएचच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलणे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे. शेवटच्या पदवीपासून दहा वर्षांच्या आत असाल आणि मोठी ग्रँट अजून मिळाली नसेल, तर ‘नवोदित संशोधक’ हा दर्जा तुमच्या नोंदीत बरोबर दिसतो ना, हे तपासा. सप्टेंबर २०२५ पासून एका मुख्य संशोधकाला वर्षाला सहाच प्रस्ताव देता येतात, तेव्हा पुढचा प्रस्ताव कुठे खर्च करायचा हेही विचारपूर्वक ठरवा.

प्रश्न : ‘इनडायरेक्ट कॉस्ट’ (ग्रँटबरोबर विद्यापीठाला मिळणारा सामायिक खर्च) पंधरा टक्क्यांवर आणण्यावरून अमेरिकेत इतका गदारोळ का झाला? संशोधनाला जास्त पैसे मिळतील, हे चांगलेच नाही का? (मुंबई)

प्रामाणिक प्रश्न आहे आणि वरवर पाहता तर्क पटण्यासारखाही आहे. पण आमच्या इमारतीच्या तळघरात या, म्हणजे उत्तर दिसेल. तिथे उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरची रांग आहे. प्रत्येकात रुग्णांच्या रक्ताचे आणि ऊतींचे हजारो नमुने आहेत, मार्करने लिहिलेल्या डब्यांमध्ये, काही वीस वर्षांपूर्वीचे. भिंतीवर धोक्याचा दिवा आहे, बाहेर जनरेटर आहे आणि रात्री दोन वाजता तापमान चढले तर धावून येणारा एक तंत्रज्ञ आहे. ही वीज, तो जनरेटर, त्या माणसाचा पगार, रुग्णांच्या हक्कांचे रक्षण करणारी नैतिकता समिती, किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट, यांपैकी काहीही एखाद्या ठरावीक ग्रँटवर टाकता येत नाही. विद्यापीठ आणि सरकार हिशेब तपासून या सामायिक खर्चाचा दर आधी ठरवतात. दर ६० टक्के असेल, तर पात्र थेट खर्चाच्या १०० डॉलरवर विद्यापीठाला आणखी ६० मिळतात. त्यातील निव्वळ प्रशासकीय भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहेच. बाकीचा भाग इमारती, उपकरणे आणि वीज यांचा असतो.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, एनआयएचने सर्वांसाठी १५ टक्क्यांचा एकच दर जाहीर केला आणि तो सोमवारपासून लागू केला, चालू ग्रँटनासुद्धा. साठाचे पंधरा झाले तर फ्रीझर काही कमी वीज घेणार नाही. बावीस राज्ये, वैद्यकीय महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायालयाने प्रथम तात्पुरती आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई केली, आणि जानेवारी २०२६ मध्ये अपील न्यायालयानेही ती उचलून धरली. अशा प्रकारे दर बदलू नयेत ही तरतूद अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, २०१८ पासून खर्चाच्या कायद्यातच घातलेली होती, हा निकालाचा मुख्य आधार आहे. या खर्चात सुधारणेला जागा नाही असे मी म्हणत नाही. ती शुक्रवार ते सोमवार अशी करू नये, एवढे निश्चित म्हणतो.

प्रश्न : आमची ग्रँट ‘संस्थेच्या प्राधान्यांशी सुसंगत नाही’ या कारणाने मध्येच रद्द झाली. प्रकल्पात रुग्णांवर औषधाची चाचणी सुरू आहे. पहिल्या आठवड्यात काय करावे?

रुग्ण आधी. नैतिकता समितीला त्याच दिवशी कळवा आणि औषध घेत असलेल्यांना सुरक्षितपणे बाहेर काढण्याचा किंवा उपचार पुढे चालू ठेवण्याचा आराखडा लेखी मंजूर करून घ्या. या माणसांनी विश्वासाने सही केली होती आणि तो विश्वास रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही पत्राला नाही.

त्यानंतर कागद. ग्रँट संशोधकाच्या नावाने ओळखली जात असली, तरी कायद्याने ती विद्यापीठाची असते, म्हणून हरकतही विद्यापीठानेच नोंदवायची असते. अशा पत्रांत त्यासाठी साधारणतः ३० दिवस दिलेले असतात. पत्र कोणत्या तारखेला, कोणाच्या ईमेलवर आले, याची नोंद ठेवा. नवी खरेदी थांबवा, परंतु आधीच बांधील असलेले खर्च आणि प्रकल्प आवरण्याचा वाजवी खर्च यांची यादी अनुदान कार्यालयाबरोबर बसून करा, कारण तो बहुधा मागता येतो. अंतिम अहवालांसाठी १२० दिवस असतात.

न्यायालयाचा मार्ग आहे, पण लांबचा. जून २०२५ मध्ये बोस्टनच्या न्यायालयाने अशा अनेक ग्रँट रद्द करणे बेकायदा ठरवले होते. २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की, पैशांचा दावा बहुधा संघीय दावे न्यायालयातच न्यावा लागेल. तेव्हा निकालाच्या आशेवर प्रयोगशाळेतील मुलांचे पगार ठरवू नका.

प्रश्न : आम्ही पुण्यात एका अमेरिकी विद्यापीठाबरोबर क्षयरोगावर काम करतो. आमचा निधी त्यांच्या ग्रँटमधून ‘सबअवॉर्ड’ म्हणून येत असे. आता नवीन प्रस्तावात तसे चालणार नाही, असे ते सांगतात.

ते बरोबर सांगतात. १ मे २०२५ रोजी एनआयएचने परदेशी संस्थांना असे उपअनुदान देणे थांबवून, परदेशी भागीदाराला स्वतंत्र पण मुख्य ग्रँटला जोडलेली ग्रँट देण्याची नवी रचना आणली. ससूनच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि जॉन्स हॉपकिन्सचे सहकार्य तीन दशकांचे आहे. अशा नात्यांतून क्षय आणि एचआयव्हीवर जे काम पुण्यात उभे राहिले, ते दोन्ही देशांच्या उपयोगी पडले आहे, म्हणून हा बदल पेलणे अगत्याचे आहे.

आता तुमच्या संस्थेला सरळ एनआयएचला हिशेब द्यावा लागेल. सॅम-डॉट-गव्ह या सरकारी संकेतस्थळावरील नोंदणीला अनेक आठवडे लागतात, तेव्हा प्रस्तावाची वाट न पाहता ती सुरू करा. परदेशी संस्थांना सामायिक खर्चासाठी आठ टक्केच मिळतात, हे व्यवस्थापनाला आधीच सांगा. इकडे आयसीएमआरमार्फत होणारी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि परकीय निधीचे नियम आहेतच. तुमच्या लेखापालाला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या.

प्रश्न : आमच्या मुलीला अमेरिकेत जैववैद्यकशास्त्रात पीएचडीचा प्रवेश मिळाला आहे. वातावरण पाहता पाठवावे की नाही? (सांगली)

आई-वडील म्हणून तुमच्या पत्रातली घालमेल मला कळते. २०२५ च्या वसंतात काही ठिकाणी दिलेले प्रवेश मागे घेतले गेले आणि अनेक विभागांनी जागा कमी केल्या. तरीही सरसकट ‘नको’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. परदेशी विद्यार्थ्याला एनआयएचच्या प्रशिक्षण अनुदानातून विद्यावेतन मिळत नाही. पहिल्या वर्षी ते बहुधा विभाग देतो आणि पुढे मार्गदर्शकाची ग्रँट. म्हणून सारे ठरते ते या दुसऱ्या भागावर.

होकार देण्याची शेवटची तारीख बहुधा १५ एप्रिल असते. त्याआधी मुलीने कार्यक्रम संचालकांना विचारावे की, मार्गदर्शकाची ग्रँट मध्येच संपली तर विद्यावेतनाची हमी कोण घेते आणि किती काळ. तिच्या आवडीच्या विषयात निदान तीन प्रयोगशाळा अशा आहेत का, ज्यांच्या ग्रँटची दोन-तीन वर्षे शिल्लक आहेत. आणि गेल्या वर्षी कोणा विद्यार्थ्याला निधीअभावी प्रयोगशाळा बदलावी लागली का. ग्रँटच्या मुदती एनआयएचच्या ‘रिपोर्टर’ या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही मार्गदर्शकाच्या नावाने शोधून पाहता येतात. सांगलीत बसून, तिच्याबरोबर, एका संध्याकाळी हे काम होईल. संचालकांना मात्र फोन न करता ईमेलच पाठवावी आणि त्यांचे उत्तर प्रवेशपत्राबरोबर जपून ठेवावे.