बाळ झाल्यावर डॉक्टरने काम कमी करायचं तर आधी काय ठरवावं?

आधी रात्रीचे कॉल बघा, ओपीडीचे तास नंतर. खरी दमछाक कॉलमुळेच होते. नुसतं ‘अर्धवेळ’ कबूल करून घेऊ नका; महिन्याला किती रात्री, किती रविवार आणि दुपारी दोननंतर वॉर्डातल्या पेशंटचा फोन कोणी घ्यायचा, हे लेखी हवं. नाहीतर पगार अर्धा आणि काम तेवढंच!

नोकरीत असाल तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, मात्र आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही हक्काने मागा.

पूर्ण थांबलात तरी इन्डेम्निटी पॉलिसी (उपचारातल्या चुकीबद्दल पेशंटने भरपाई मागितली तर कामी येणारा विमा) चालू ठेवा, जुन्या पेशंटचा दावा नंतरही येऊ शकतो.