चिनी काढ्यात वनस्पती किती? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चिनी काढ्यात किती वनस्पती असाव्यात?
उत्तर : ठरलेला आकडा नाही. थांग म्हणजे काढा. दू-शन थांग म्हणजे नुसते जिनसेंग, मा-ह्वांग थांगमध्ये चार वनस्पती, तर ल्यू-वेइ दी-ह्वांगमध्ये सहा.

प्रश्न : मला अठरा लिहून दिल्यात. जास्त म्हणजे गुण लवकर ना?
उत्तर : मुळीच नाही. चिनी वैद्यकात प्रत्येक वनस्पतीला राजा, मंत्री, साहाय्यक किंवा दूत असे काम नेमलेले असते. ग्वेइ-झ थांगमध्ये पाचांतच हे सगळे भागते. अठरापैकी कोण काय करते, हे लिहून देणाऱ्यालाच विचारा. सांगता आले नाही, तर ती खोगीरभरती.

प्रश्न : पायांत गोळे येतात म्हणून शाओ-याओ गान-त्साओ थांग घेते. त्यात दोनच वनस्पती आहेत. सर्दी झाली की ग-गन थांगही घेते. बीपीची गोळी चालू आहे. दोनच वनस्पतींत धोका कसला?
उत्तर : हा 'दोनच' शब्द सोडा आणि ग्रॅम मोजा. त्या दोनांपैकी एक ज्येष्ठमध आहे. जपानी तयार चूर्णाच्या दिवसाच्या मात्रेत ते साधारण ६ ग्रॅमचे असते. ग-गन थांगचे २ मिळवा, झाले ८. खोकल्यासाठी घरी ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही यातच धरायचे. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे जाते. मग बीपी चढते, पाय सुजतात, स्नायू गळून जातात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर हे आणखी लवकर होते. पोटॅशियम उतरले की पायांत पुन्हा गोळे येतात आणि माणूस औषध वाढवतो! बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. दोन्ही चिनी औषधे थांबवून, पाकिटांसह याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रक्तातले पोटॅशियम तपासून घ्या.

प्रश्न : काढ्यातली फू-त्झ बाकीच्यांबरोबरच उकळली तर चालेल?
उत्तर : नाही. ती विषारी बचनागाच्या कुळातली आहे. आधी ती एकटी अर्धा ते एक तास उकळायची, मग बाकीच्या घालायच्या. काढा पिऊन ओठ-जीभ बधिर झाली तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : वजन उतरवणाऱ्या 'एकवीस वनस्पती, शंभर टक्के नैसर्गिक' गोळ्या घ्याव्यात का?
उत्तर : नको. एकवीस हा आकडा विक्रीसाठी असतो. १९९० च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात फांग-चीच्या नावाखाली भलतीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. तीत मूत्रपिंडांना घातक असे ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. वेष्टनावर प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वजन नसेल, तर गोळी घेऊ नका. आधीच घेतली असेल, तर रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) तपासून डॉक्टरांना दाखवा.