त्याला सरळ विचार

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मित्राने इतक्या हौसेने घेतलेला कॅमेरा "मला आता नाही लागणार" म्हणून तुझ्या हातात ठेवला, ग्रुपमधून न सांगता बाहेर पडला, परवा म्हणाला की मी नसलो तर सगळ्यांचं सोपंच होईल, आणि एवढं सगळं लिहून शेवटी तू विचारतोस "मी उगाच जास्त विचार करतोय का?" नाही रे, तो आत्महत्येचा विचार करत असेल ही भीती उगाच नाही. बरं केलंस लिहिलंस.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचा फार अर्थ निघत नाही, कंटाळून ग्रुप तर आपण सगळेच सोडतो. पण तो आधी कसा होता आणि आता कसा आहे हे तुला माहितीये, आणि हा बदलच बघायचा असतो. झोप उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, दारू वाढणं, एरवी शांत असलेल्याने फटकन अंगावर येणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी सगळ्यांना ओझं आहे' असं बोलणं, आणि त्यात नुकतंच काहीतरी तुटलेलं असणं, म्हणजे नातं, नोकरी, परीक्षा, चारचौघांत झालेला अपमान. याआधी कधी तसा प्रयत्न केलेला असेल तर जास्तच गंभीरपणे घ्यायचं, कारण पुढच्या धोक्याची त्याहून मोठी खूण क्वचितच मिळते. आणि खूप दिवस खचलेला माणूस काही कारण नसताना एकदम हलका, शांत दिसायला लागला तर "चला, सुटलो" म्हणून निर्धास्त होऊ नकोस, खरंच बरं वाटत असेलही, पण कधीकधी मनाशी काहीतरी ठरलेलं असतं म्हणूनही ती शांतता येते. 'बोलणारे करत नाहीत' हे जे लोक ठोकून देतात ते साफ चूक आहे, बऱ्याच जणांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी सुचवलेलं असतं.

आता विचारायचं कसं. आपल्याकडून हमखास निघणारा प्रश्न म्हणजे "असं काही वेडंवाकडं तर नाही ना डोक्यात?" या प्रश्नातच उत्तर भरवलेलं आहे, समोरच्याने "छे, काहीतरीच काय" म्हणावं आणि आपण सुटावं. असं नको. एकटा गाठ, फोन बाजूला ठेव आणि म्हण, "तू कॅमेरा दिलास, परवा ते बोललास, मला काळजी वाटतेय. आत्महत्येचे विचार येतायत का तुझ्या मनात?" हाच शब्द वापर. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरेल ही भीती सगळ्यांना असते, पण 2014 साली यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले गेले तेव्हा विचारल्याने असे विचार वाढतात असं काही दिसलं नाही, उलट मोकळेपणाने विचारल्याचा फायदाच होऊ शकतो असं निघालं.

विचारल्यावर तो गप्प बसेल. बसू दे. ती शांतता भरून काढायला तू बोलायला लागलास की संपलं. "आईबाबांचा विचार कर", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतायत" ही वाक्यं चांगल्या मनानेच येतात पण ऐकणाऱ्याला आधीच असलेल्या अपराधीपणावर आणखी एक दगड ठेवल्यासारखं होतं. त्यापेक्षा "किती दिवसांपासून असं वाटतंय?" एवढंच विचार. उत्तर "हो" आलं तर चेहरा शक्यतो स्थिर ठेव, आणि "सांगितलंस ते बरं केलंस" म्हण. कुणाला सांगणार नाही अशी शपथ मात्र घेऊ नकोस, तो घालेल बहुतेक. "तुझ्या मागे चर्चा करणार नाही, पण जिवाचा प्रश्न असेल तर मदत आणणार" असं स्पष्ट सांग. चिडला तर चिडू दे, मैत्रीतली नाराजी पुढे निस्तरता येते.

मग आणखी एक पायरी: काही ठरवलंय का, कधी, आणि त्यासाठी लागणारं काही हाताशी आहे का. याचं उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेला तरी दाराबाहेर थांब, घरच्यांपैकी ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे त्याला बोलाव, इजा होईल असं काही त्याच्या आवाक्यात राहू देऊ नका आणि सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. कारण ही तीव्र इच्छा बरेचदा कळ यावी तशी येते, टोकाला जाते आणि उतरते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं आणि माणूस शेजारी असणं यानेच जीव वाचतात. हेल्पलाइनचा नंबर आधीच सेव्ह करून ठेव, भारतात असाल तर टेलिमानसचा 14416, चोवीस तास चालतो, आणि काय करावं सुचत नसेल तर तूसुद्धा त्यावर फोन करू शकतोस.

इतकी घाई नसेल तरी डॉक्टर किंवा काउन्सेलरची अपॉइंटमेंट "घे हं" म्हणून सोडून देऊ नकोस, शेजारी बसून घे आणि सोबत जा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सेफ्टी प्लॅन म्हणून एक साधा कागद तयार केलाय, त्यात माणूस स्वतःच्या शब्दांत लिहितो की माझं बिघडायला लागलं हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी काय करतो, कुणाला फोन करतो. तो काउन्सेलरसोबत भरलेला चांगला, पण एक कॉपी तुझ्याकडे असू दे.

लोक कमी पडतात ते मात्र यानंतर. पहिल्या रात्री दहा जण धावतात, महिन्याने कुणी नसतं, आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे आठवडेच जास्त धोक्याचे असतात. जेरोम मोटो नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने पुढचे उपचार न घेणाऱ्या पेशंटना नुसती छोटी पत्रं पाठवली, कसे आहात, आठवण आली, बस, आणि 2001 साली छापलेल्या निष्कर्षात पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी दिसल्या. उत्तर मागणारी पत्रं नव्हती ती. तूही असाच मेसेज टाकत राहा, ब्लू टिक येऊन रिप्लाय नाही आला म्हणून रुसायचं नाही.

आणि हे एकट्याने उचलू नकोस, तू त्याचा मित्र आहेस, डॉक्टर नाहीस. झोप घे, दुसऱ्या एका विश्वासू माणसाला सोबत घे, आणि सगळं करूनही कधी हातातून सुटू शकतं, त्याचा हिशोब तुझ्या नावावर लागत नाही.

आज संध्याकाळीच भेट त्याला, रविवारची वाट बघू नकोस. भेटून झालं की मला फोन कर, कितीही वाजू देत.

तुझी ताई