सायकलीचा हप्ता आणि केळीची कटाई

प्रश्न : मी १५ वर्षांची आहे, यावल तालुक्यात राहते, यंदा दहावीला आहे. पप्पांची चार एकर केळी आहे. मला २२,५०० रुपयांची माउंटन बाइक घ्यायची आहे. रविवारी मनुदेवीला, पालकडे जायचं आहे. राखी-भाऊबीज, खाऊ आणि दोन लहान मुलांची शिकवणी यांतून ८,७०० रुपये जमलेत. दर महिन्याला खाऊतले ३०० आणि शिकवणीचे ४०० बाजूला पडतात. लग्नसराईत मेंदीही काढते. दुकानदार म्हणतो, रोख घेतली तर १,००० कमी करतो, नाहीतर आज एक रुपयाही न देता २,०५० चे १२ हप्ते. पप्पा हप्त्याला तयार आहेत, आई म्हणते थांब. काय करू?

उत्तर : आईचं म्हणणं मला पटतं. सायकल मात्र तू घ्यायचीच, हेही तितकंच पटतं. सातपुडा दारात असलेल्या मुलीने तो सायकलवरून बघावा, यात उधळपट्टी काही नाही. प्रश्न फक्त केव्हा, कोणती आणि कोणाच्या पैशाने, एवढाच.

आधी हप्ता बघू. १२ हप्त्यांचे होतात २४,६००. रोखीत तीच सायकल २१,५०० ला. म्हणजे ३,१०० रुपये जास्त. भागाकार केलास तर १४ टक्के दिसतील, पण ते खरं नाही. पूर्ण रक्कम वर्षभर तुमच्याकडे राहतच नाही, दर महिन्याला थोडी परत जाते. तो हिशेब धरला तर व्याज महिन्याला दोन रुपये शेकड्याच्या वर जातं, वर्षाला २५ टक्क्यांच्या पुढे. दुकानात याला कोणी व्याज म्हणत नाही. रोखीची सूट सोडून देणं हेही व्याजच असतं, हे लक्षात ठेव.

मला याहून मोठी काळजी वेगळी आहे. तू अठराची नाहीस, म्हणून कर्ज पप्पांच्या नावावर चढणार. हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. केळीचा पैसा तसा येत नाही. कटाई झाली, व्यापाऱ्याने हिशेब केला की एकदम येतो. बाजाराच्या बोर्डावर लिहिलेला भाव बांधावर मिळेलच असंही नाही, आणि मे-जूनच्या एका वादळात उभी बाग आडवी होते, हे तुझ्या घरात मी सांगायला नको. त्या महिन्यात २,०५० रुपये खात्यात नसले तर हप्ता बाउन्स होतो, दंड लागतो आणि पप्पांच्या सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते लिहिलं जातं. तीन वर्षांनी तुझ्या शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली तर सहअर्जदार पप्पाच असतील, आणि बँक तीच नोंद उघडून बघेल. एका सायकलीसाठी ही जोखीम मी घेऊ देणार नाही.

आता थांबायचं किती? माझ्या मते दसऱ्यापर्यंत. फेब्रुवारी-मार्च दहावीचे पेपर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, त्या उन्हात कोणी डोंगर चढत नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणजे आज घेतलीस तरी ती बराच काळ ओसरीत उभी राहील आणि हप्ते चालू राहतील. सातपुड्यात फिरायचे दिवस पाऊस उघडल्यावर येतात, आणि तेव्हा तू अकरावीत असशील, बोर्डाचं ओझं नसलेल्या वर्षात.

तोवर किती जमेल ते मी मांडून पाहिलं. जानेवारी ते सप्टेंबर खाऊतले २,७००. पेपरांचे दोन महिने शिकवणी बंद ठेवशील असं धरून तिचे २,८००. लांब सुट्टी आणि लग्नसराई एकत्र येतात, म्हणून मेंदीचे ४,००० धरले. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि राखीचे मिळून १,५००. जमलेल्या ८,७०० सकट १९,७००.

यात २२,५०० ची सायकल बसत नाही. रोखीची सूट धरली तरी हेल्मेट, पंप, पंक्चरचं किट, दोन जादा ट्यूब, कुलूप आणि दिवा यांचे ३,००० वर लागतातच. वेड्या बाभळीचा काटा कुठल्याही किमतीच्या टायरमध्ये घुसतो! एकूण २४,५००, म्हणजे ४,८०० कमी.

पण तुला ती सायकल लागते का? तिला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत असं तू पत्रात पुढे लिहिलं आहेस. त्यातलं तेल बदलायचं, हवा काढायची तर बहुधा जळगावला न्यावी लागेल. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक गावातला मिस्त्री पान्याने लावून देतो. फक्त पुढे शॉकअप असलेली, अशा ब्रेकची, २१ गिअरची सायकल १७,००० च्या आसपास बघ. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींच्या नादी लागू नकोस. त्या जड असतात आणि चढावर तुझा बराच जोर स्प्रिंगच खाते. जुनी मिळाली तर मूळ बिल आणि फ्रेमचे जोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

पैसा ठेवायचा कुठे? डब्यात नको, तो उचलला जातो. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँक उघडून देऊ शकते. त्यातच सहा महिन्यांचं आवर्ती ठेव खातं (आरडी, दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची) काढ. महिन्याला ७०० रुपये भरलेस आणि व्याज साडेसहा टक्के धरलं तरी सहा महिन्यांत जेमतेम ८० रुपये व्याज मिळेल; पण पैसे हाताबाहेर राहतात, त्यासाठी ते काढायचं. पोस्टाची आवर्ती ठेव इथे चालत नाही, ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. कोणी जास्त व्याजाची पतसंस्था सुचवली तर नाही म्हण. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ठेवी अडकलेली घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

पप्पांना मदत करायचीच असेल तर हप्त्याऐवजी कटाईचा हिशेब झाल्यावर हेल्मेट त्यांनी घेऊन द्यावं. १७,००० ची सायकल आणि ३,००० चं सामान धरून तुला ३०० च कमी पडत होते, ते त्यात भागून वर काही उरतील. उरलेले पहिल्या सर्व्हिसिंगला ठेव. नव्या केबल महिनाभरात ताणल्या जातात आणि गिअर अडायला लागतात.

दुकानात जाशील तेव्हा आधी तुझ्या उंचीची फ्रेम माग, शिल्लक असलेली घेऊ नकोस. बिल जीएसटीचं घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तुला सांगितलेले २२,५०० जुन्या दराने असतील तर तिथेच साधारण १,४०० चा फरक पडतो, तेवढं विचार. शाळेची जुनी सायकल मात्र विकू नकोस, कॉलेजला तीच ने. आणि पालचा भाग यावल अभयारण्यात येतो, तेव्हा डांबरी सोडून आत वळायचं तर वन खात्याची परवानगी घेऊन, घरचं कोणीतरी बरोबर असतानाच.