गोळ्या सुरू केल्या आणि दुखणं वाढलं

"औषध सुरू केल्यावर त्रास वाढला, तर बंद करायचं का?" समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाच्या निमित्ताने उदगीरकडच्या एका कुटुंबाने तो विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा अमेरिकेत, कनेक्टिकटला नोकरीला. सुट्टीवर गावी आला तेव्हा मांडीवर दिवसागणिक पसरत जाणारा तांबडा चट्टा होता. हा आजार आपल्याकडे क्वचितच दिसतो, पण डॉक्टरांनी तिकडच्या रानातल्या भटकंतीची चौकशी केली आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच त्याला हुडहुडी भरली, ताप चढला, अंग ठणकू लागलं, चट्टा आणखी लाल झाला.

"ताई, औषध उलटलं की हो," आई म्हणाली. "हिंडतं-फिरतं लेकरू होतं. मीच माझ्या हातानं गोळी दिली." त्या शेवटच्या वाक्यातच सगळी भीती होती. अशा वेळी गोळ्या बंद होतात त्या बहुधा हट्टाने नव्हे, आपल्या हातून माणसाला इजा होतेय या अपराधीपणाने. मुलाचं मात्र भलतंच. जितका त्रास जास्त तितके जंतू जास्त मरतात, असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं आणि महिनोन्‌महिने सोसायची तयारी केली होती.

आधी डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. श्वास लागणं, ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, यांतलं काहीच नव्हतं, म्हणजे ही ॲलर्जी दिसत नव्हती. गोळ्या चालू ठेवा, तापाला पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर पाजा, असं त्यांनी सांगितलं. मग मी आईशी बोलायला बसले.

"मावशी, ताप तुमच्या हातून आला नाही." लाइमचे जंतू, बोरेलिया, पिळदार आकाराचे असतात. प्रतिजैविकाने ते मरू लागले की त्यांचे तुकडे रक्तात मिसळतात, शरीर त्यावर तुटून पडतं, आणि त्या झटापटीचा ताप येतो. लाइमच्या साधारण १५ टक्के रुग्णांत हे घडतं. याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. १८९५ मध्ये डॉ. यारिश यांनी आणि १९०२ मध्ये डॉ. हर्क्सहायमर यांनी सिफिलिस या लैंगिक आजाराच्या रुग्णांत ती नोंदवली. तो जंतूही याच पिळदार कुळातला. वडिलांना वेगळीच काळजी होती, गोठ्यातल्या गोचिडांची. लाइम पसरवणारी गोचीड वेगळ्या जातीची आणि हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, हे ऐकल्यावर ते निवांत झाले.

मुलाला मात्र मी जरा ठामपणे सांगितलं. ही प्रतिक्रिया पहिल्या २४ तासांत सुरू होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. दुसऱ्या आठवड्यात वाढलेल्या त्रासाला हेच नाव देऊन गप्प बसणं मला धोक्याचं वाटतं. तेव्हा कारण दुसरं असू शकतं. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. या गोळ्या चालू असताना ऊन फार लवकर पोळतं, आणि आपलं मराठवाड्याचं ऊन तर विचारूच नका. भोवळ येणं, छातीत धडधडणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं ही लक्षणं खुद्द आजाराची असू शकतात, कारण लाइम हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचतो. त्यात सोसण्यासारखं काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मुलाने गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला.

पुढे आईने पुन्हा विचारलं, "गोळ्या संपल्या, तरी थकवा कामून जाईना?" उपचारानंतरही काहींना थकवा, अंगदुखी काही महिने राहते. ती जंतू मरण्याची प्रतिक्रिया नव्हे, आणि प्रतिजैविकं लांबवून त्यात फायदा होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. बहुतेकांना हळूहळू बरं वाटतं. तोवर पुरेशी झोप, झेपेल तेवढं चालणं आणि ठरल्या दिवशी डॉक्टरांना दाखवणं, एवढं त्याच्यासाठी आम्ही ठरवलं.